उजवा गिअर आणि मूळ संहिता

मराठीच्या प्राध्यापकाने मोटारसायकलीविषयी लिहावे हे माझ्या काही सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. पण 'मूळ' या एका शब्दाविषयी गेल्या दोन वर्षांत मी जे शिकलो, ते संहिताचिकित्सेच्या पुस्तकांपेक्षा साताऱ्याजवळ वाढे फाट्यावरच्या एका चहाच्या टपरीवर अधिक शिकलो. ज्या प्रसंगातून शिकलो तो मला फारसा भूषणावह नाही. म्हणूनच तो लिहून काढावा असे वाटले.

या टपरीवर रविवारी सकाळी सात-आठ बुलेटवाले जमतात. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार, लहान मुलांचे एक डॉक्टर, बँकेतून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेले एक गृहस्थ, दोन-तीन तरुण पोरे, मी, आणि अधूनमधून आमच्या जुन्या गाड्या ज्यांच्या जिवावर चालतात ते मिस्त्री. चहा होतो, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला एक चक्कर होते आणि मंडळी घरोघरी आंघोळीला जातात. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी नवी बुलेट घेतली आणि पहिल्यांदाच ती टपरीसमोर आणून उभी केली. त्या रविवारी कासची चक्कर झाली नाही. दहा वाजेपर्यंत नुसता वाद चालला होता.

नवी गाडी दिसायला जुनीसारखीच. तीच फुगीर टाकी, हेडलाइटच्या वर दोन बाजूंना तेच दोन छोटे दिवे, तेच ऐसपैस सीट. आतून मात्र सारे बदललेले. कंपनीने २०२० साली 'मीटिऑर' या क्रूझर गाडीबरोबर ३४९ सीसीचे जे नवे इंजिन आणले, तेच २०२१ मध्ये 'क्लासिक'ला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बुलेटला बसवले. जुने इंजिन ३४६ सीसीचे होते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला ९०. नव्यात ७२ आणि ८५.८. आकड्यांत पाहिले तर फरक किरकोळ. पण नव्या इंजिनात थरथर जिरवणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आहे, पुढे डिस्क ब्रेक आहे, आणि किक नाही. बटण दाबायचे, गाडी सुरू.

सुभेदार गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "डॉक्टर, गाडी झकास आहे. पण ही बुलेट न्हाई."

त्यांचे म्हणणे असे, की बुलेट बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला, आपल्या हाताने, चार पान्यांत सुरू करता आली पाहिजे. पॉइंट साफ करायला काडेपेटीची कड पुरली पाहिजे. जिचे दुखणे मालकाला कळत नाही ती गाडी मालकाची नव्हेच. यावर डॉक्टर शांतपणे म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुमच्या गाडीखाली तेलाचा डाग पडला नाही असा एक रविवार मला दाखवा. जुन्या गाडीवर तीनशे किलोमीटर गेलो की माझी बोटं बधिर व्हायची. सोमवारी त्याच बोटांनी मला तान्ह्या पोराची शीर शोधायची असते." या उत्तरावर सुभेदारही काही बोलले नाहीत.

मग बँकवाले सरसावले. त्यांची गाडी २०१२ ची. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात बसवलेल्या पिढीतली. त्यांनी ती घेतली तेव्हा याच टपरीवर तिला 'नकली' म्हटले गेले होते, आणि आता तेच गृहस्थ डॉक्टरांच्या गाडीला 'निर्जीव' म्हणत होते. एका तरुणाला आवाज गेल्याचे दुःख होते. त्याचा जन्म झाला तेव्हा ज्या आवाजाबद्दल तो बोलत होता त्या बिडाच्या इंजिनाच्या गाड्यांचे दिवस भरत आले होते. मिस्त्रींनी शेवटी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही आवाजावर भांडताय. पूर्वी गाडी खोलली की गिऱ्हाईक चार तास बाकड्यावर बसायचं. ही नवी गाडी माझ्याकडं येणारच न्हाई, कंपनीच्या वर्कशॉपला जाणार. माझ्या हिशेबात एवढाच फरक पडला."

मी त्या दिवशी सुभेदारांच्या बाजूने बोललो, आणि माझ्या व्यवसायाला शोभेल इतके लांबलचक बोललो. माझ्या अंगणात वडिलांची, आप्पांची, बुलेट उभी आहे. १९६९ चे मॉडेल. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. काळा रंग, घुमणारा आवाज, टाकीवर नुसतेच 'एनफिल्ड'. मी म्हणालो, प्रत्येक कलाकृतीची एक मूळ संहिता असते. तिला काळाच्या सोयीने हात लावत गेले की शेवटी नाव तेवढे उरते. पोरांनी मान डोलावली. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमची गाडी शेवटची कधी चालवलीत?" मी विषय बदलला.

*

घरी आल्यावर तो प्रश्न आणि माझे व्याख्यान दोन्ही खुपत राहिले. कारण मूळ संहिता म्हणून मी जे काही सांगितले होते, त्याचा इतिहास मला चांगला माहीत होता आणि तो माझ्या बाजूचा नव्हता.

बुलेट हे नाव इंग्लंडमधील रेडिच गावच्या रॉयल एनफिल्ड कंपनीने १९३२ मध्ये पहिल्यांदा वापरले. आज आपण जिला बुलेट म्हणतो तिचा घाट दुसऱ्या महायुद्धानंतरचा. भारत सरकारने सरहद्दीवरच्या गस्तीसाठी या गाड्या मागवल्या, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सहभागाने 'एनफिल्ड इंडिया' स्थापन झाली. आधी सुटे भाग विलायतेहून आणून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला जुळवत. पुढे सगळेच भाग इथे होऊ लागले. रेडिचला बुलेटचे उत्पादन १९६२ च्या सुमारास थांबले आणि सत्तरच्या दशकाच्या आरंभी ती कंपनीही मिटली. मद्रासला मात्र पंचावन्न सालची ती संहिता पुढची जवळजवळ पन्नास वर्षे काना-मात्रेच्या फरकाने छापली जात राहिली.

तिच्यात बदल झाला नाही याचे कारण तिच्याविषयीची निष्ठा, असे आम्हां बुलेटवाल्यांना मानायला आवडते. खरे कारण साधे होते. परवान्यांच्या त्या काळात बदलायची गरजच नव्हती. सैन्य आणि पोलीस हे ठरलेले गिऱ्हाईक होते. बाकीच्यांना पर्याय मोजकेच होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि कंपनीचे दिवस फिरले. १९९४ मध्ये ती आयशरमध्ये विलीन झाली. २००० साली तर ती विकावी की बंद करावी असा विचार चालला होता. त्यानंतरच्या दशकात गिअर डावीकडे आला, सेल्फ आला, बिडाचे सिलिंडर जाऊन ॲल्युमिनियमचे आले, आणि २००८ पासून इंजिन-गिअरबॉक्स एकत्र झाले. गिअर उजवीकडून डावीकडे नेण्याला जुन्या गिऱ्हाइकांनी कडाडून विरोध केला होता. ते बदल झाले नसते तर आज टपरीवर वाद घालायला नवी बुलेट राहिली नसती.

वर्गात मी हेच तर शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचेतो तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. आणि पुढे कोणी भर घालू नये अशी ताकीद त्यांना द्यावी लागली, याचा अर्थ घालणारे होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. शेकडो हस्तलिखिते ताडून एक संहिता सिद्ध झाली. तिचे मोल फार मोठे आहे. पण विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारतो, की ही अशी, अक्षर न् अक्षर हीच संहिता, कोणत्या कीर्तनकाराने किंवा पुराणिकाने कधी सांगितली होती का? लोकांनी ऐकले ते आपापल्या प्रदेशाच्या पोथीतले महाभारत. प्रश्न चांगला आहे. तो मी माझ्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीला कधी विचारला नव्हता.

*

विचारण्याची वेळ माझ्या लेकीने आणली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, पुण्याला इंजिनिअरिंगला. २०२४ च्या उन्हाळ्यात घरी आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, आप्पाआजोबांची गाडी मी चालवू?"

मला आनंद झाला. गाडी सहा वर्षे ताडपत्रीखाली होती. मिस्त्रींना बोलावले, त्यांनी टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, पॉइंट, बॅटरी, टायर, ट्यूब बदलली. दोन आठवड्यांनी गाडी सुरू झाली तेव्हा शेजारचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत फाटकापर्यंत आले होते.

किकची अडचण होईल असे मला वाटले होते. लेक अंगाने बारीक. पण जुन्या बुलेटची किक हे जोराचे काम नव्हेच, ते एक प्रकारचे वाचन आहे. चावी लावायची, किक पायाने हळूहळू दाबत न्यायची. एका ठिकाणी ती अडते. अँपिअर मीटरचा काटा मधोमध येतो. पॉइंट उघडल्याची ती खूण. मग डाव्या हाताखालची छोटी मूठ दाबून आतला दाब सोडायचा, किक किंचित पुढे न्यायची, मूठ सोडायची, पाय वर आणायचा आणि एकदाच, सरळ, शेवटपर्यंत दाबायची. घाई केली तर किक उलटी बसते आणि नडगी काळीनिळी होते. सुभेदारांनी तिला हे चार दिवसांत शिकवले. पाचव्या दिवशी तिने एका किकेत गाडी सुरू केली आणि सुभेदारांनी तिला सलाम ठोकला.

अडचण आली ती गिअरची. तिने आजवर चालवलेली प्रत्येक मोटारसायकल डाव्या गिअरची. आमच्या गाडीत पहिला गिअर उजव्या पायाने वर, बाकीचे तीन खाली, आणि ब्रेक डावीकडे. मोकळ्या मैदानावर तिला ते जमले. पण पोवई नाक्याकडे जाताना समोर अचानक एक रिक्षा वळली आणि तिने जिवाच्या आकांताने उजवा पाय दाबला. तिच्या पायाच्या लेखी तिथे ब्रेक होता. प्रत्यक्षात गिअर होता. पुढच्या ब्रेकवर गाडी कशीबशी वळवून ती दुभाजकाला घासली. कोपर सोलवटले, इंडिकेटर तुटला, एवढ्यावरच निभावले. पूर्वी एकदा एका सहकाऱ्याची डाव्या गिअरची गाडी चालवताना मीही अशाच उलट चुकीने पडलो होतो. घाईच्या क्षणी माणूस विचार करत नाही, पाय विचार करतो. आणि पाय जी आवृत्ती पहिल्यांदा शिकला तीच वाचतो.

संध्याकाळी कोपराला पट्टी बांधून ती म्हणाली, "बाबा, मिस्त्रीकाका म्हणतात डावा गिअर बसवता येईल. पाच गिअरचा बॉक्स या इंजिनामागे बसतो, थोडं काम करावं लागेल. ब्रेक उजवीकडे येईल."

मी म्हणालो, "नाही."

"का?"

"मग ती आप्पांची गाडी राहणार नाही."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाडी पुसली, ताडपत्री ओढली आणि सुट्टी संपायच्या चार दिवस आधीच पुण्याला निघून गेली.

*

मिस्त्रींनी गाडी तयार करताना टूलबॉक्समधून आणि घरातल्या जुन्या ट्रंकेतून काही कागद काढून माझ्याकडे दिले होते. त्यांत आप्पांची एक खाकी पुठ्ठ्याची चोपडी होती. आप्पा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. धोमच्या कालव्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. मोजमापे लिहून ठेवायची सवय हाडीमाशी खिळलेली. १९७९ पासून गाडीसाठी जे जे केले ते सारे त्यांनी त्या चोपडीत टिपून ठेवले होते. त्यांचे शालेय शिक्षण १९६२ चे लेखनाचे नवे नियम येण्यापूर्वीचे, त्यामुळे अखेरपर्यंत ते उच्चारात नसलेले अनुस्वार देत राहिले. 'ऑइल बदललें', 'साताऱ्यांत दुरुस्ती', 'पेट्रोल भरलें'. मी बी. ए. ला असताना त्यांना एकदा म्हणालो होतो, की हे आता चुकीचे धरतात. ते म्हणाले होते, "परीक्षा तुझी आहे, माझी नाही."

लेक गेल्यावर मी ती चोपडी पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

पहिल्याच पानावर होते, की गाडी लष्कराच्या लिलावातून घेतली. म्हणजे आप्पा तिचे पहिले मालक नव्हते, हे मी विसरूनच गेलो होतो. पुढच्या पानावर : 'हिरवा रंग काढवून काळा दिला.' टपरीवर ज्या काळ्या रंगाला मी मूळ म्हणालो तो दहा वर्षे उशिराचा. १९८८ च्या मार्चमध्ये : 'सायलेन्सर कुजला. कोल्हापुरांत दुसरा घेतला. आवाज जरा मोठा आहे.' मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. ज्या आवाजाला मी जन्मभर आप्पांच्या गाडीचा आवाज समजत आलो, आप्पा रात्री कालव्यावरून परतताना दोन गल्ल्या अलीकडून जो ओळखू यायचा, तो एका दुकानदाराने हाताशी होता म्हणून दिलेल्या सायलेन्सरचा आवाज होता. आणखी एक नोंद : 'हिला बसतांना सीट उंच होतें म्हणून फोम कापून घेतला.' आई आज नाही. त्या सीटवर ती बसत असे एवढेच मला ठाऊक होते; ते तिच्यासाठी कापलेले आहे हे ठाऊक नव्हते.

इथवर मला मौजच वाटत होती. स्वतःच्या सिद्धान्ताची अशी फजिती झालेली पाहण्यातही अभ्यासकाला एक आनंद असतो. मग २०११ चे पान आले.

त्या वर्षी आप्पा एकोणसत्तर वर्षांचे होते. उजव्या गुडघ्याची झीज फार झाली होती. चोपडीत नोंद होती : 'नवी गाडी चालवून पाहिली. सेल्फवर सुरू होते. गुडघ्याला कांहीं त्रास नाहीं. आवाज कमी आहे, पण चालायचें. घ्यावी कां? चिरंजीवांना विचारणें.'

त्याखाली, दुसऱ्या शाईत, दोन दिवसांनंतरची तारीख घालून : 'विचारलें. नको म्हणतो.'

मला तो प्रसंग आठवला. ओसरीवर उभे राहूनच झालेले बोलणे. मी तेहतीस वर्षांचा, नुकताच नोकरीत कायम झालेलो. मी हसून म्हणालो होतो, "आप्पा, बटण दाबून सुरू होणारी ती बुलेट कसली? तुम्ही तरी असं म्हणू नका." तेही हसले होते. विषय तिथेच संपला. मला वाटले होते, त्यांच्याच मनातले मी बोललो. त्यांच्या गाडीचा मान मी राखला, अशीच माझी समजूत होती. गुडघा त्यांचा होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

त्यानंतरच्या पानांवर नोंदी आहेत, पण त्या एकाच प्रकारच्या. 'गाडी पुसली.' 'गाडी पुसली. हवा भरली.' 'गाडी पुसली.' महिन्याला एक याप्रमाणे २०१७ पर्यंत. २०१८ मध्ये आप्पा गेले. त्या सहा-सात वर्षांत आप्पांनी गाडी किती किलोमीटर चालवली याची एकही नोंद नाही, कारण चालवलीच नाही. मॉर्निंग वॉकला ते वाढे फाट्यापर्यंत पायी जात. टपरीवरच्या बुलेटवाल्यांशी माझी ओळख आप्पांमुळेच झाली, असे मी अभिमानाने सांगत आलो आहे. ते तिथे पायी येत हे सांगत नाही.

*

त्या रात्री मी बराच वेळ ओसरीवर बसून होतो. जे सुचले ते सुसूत्र मांडणे कठीण आहे, पण प्रयत्न करतो.

'मूळ' म्हणून आपण ज्याची बाजू घेतो, ती बहुधा आपल्याला पहिल्यांदा भेटलेली आवृत्ती असते. सुभेदारांना ती पलटणीत भेटली, बँकवाल्यांना २०१२ मध्ये, मला दहाव्या वर्षी एका कुजलेल्या सायलेन्सरमुळे. यात लाजण्यासारखे काही नाही. पण या आवृत्तीला आपण गाडीचा धर्म म्हणू लागतो, तेव्हा तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराने चुकवायची असते. सुभेदारांच्या निष्ठेची किंमत सुभेदार स्वतः देतात. रविवारी सकाळी तासभर हात काळे करून घेतात. माझ्या निष्ठेची किंमत आप्पांनी दिली, आणि आता लेकीच्या कोपराने द्यायला सुरुवात केली होती. मला स्वतःला काहीच द्यावे लागत नव्हते. डॉक्टरांचा प्रश्न बरोबर होता : मी ती गाडी चालवतच नव्हतो.

याचा अर्थ बदलताना काहीच जात नाही असा नव्हे. डॉक्टरांच्या नव्या गाडीतून किक गेली तेव्हा तिच्याबरोबर काट्यावरून इंजिनाचे मन ओळखण्याची एक विद्या गेली, आणि मिस्त्रींचे बाकडे रिकामे झाले. हे नुकसान खरे आहे आणि कोणीतरी ते मोजले पाहिजे. १९६२ नंतर शब्दांवरचे अनुस्वार गेले. लिहिणे सोपे झाले, आणि शब्दाचे जुने नपुंसकलिंगी रूप नजरेला सांगणारी एक खूण पुसली गेली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. टपरीवर भांडणाऱ्यांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते.

मात्र सगळे बदल एका मापाने मोजता येत नाहीत, एवढे मला आता दिसते. किक लेकीला शिकता आली, कारण किकेपाशी वेळ असतो. अडले तर थांबता येते, पुन्हा काटा पाहता येतो, पुन्हा पाय वर आणता येतो. गिअर आणि ब्रेक यांना ती सवड नाही. समोर रिक्षा आल्यावर संहिता उलगडून पाहता येत नाही. आप्पांच्या बाबतीत याच्या उलट होते. उजवा गिअर त्यांच्या पायात मुरलेला होता. त्यांना अडत होती ती किक. एकाच गाडीतली कोणती गोष्ट राखावी आणि कोणती सोडावी, हे गाडी सांगत नाही. तिच्यावर बसणारे माणूस सांगते. ते सांगत असताना ऐकायचे असते. २०११ मध्ये आप्पांनी सांगितले होते, तेही प्रश्नाच्या रूपात, आणि मी त्याला साहित्यिक उत्तर दिले.

सकाळी मी लेकीला फोन केला. चोपडीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. 'विचारलें. नको म्हणतो' इथपर्यंत आलो तेव्हा दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, "बाबा, मी उजवा गिअर शिकेन हवं तर. वेळ लागेल." मी म्हणालो, "नको. दिवाळीला येशील तोवर काम करून ठेवतो."

मिस्त्रींनी काम केले. जुना चार गिअरचा बॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. कोणाला कधी परत बसवावासा वाटला तर तयार आहे. रंग काळाच ठेवला. सायलेन्सरही तोच. सीटला हात लावला नाही. किक तर आहेच. सुभेदारांनी गाडी पाहिली, डावीकडचा गिअर पाहिला आणि मान हलवली. "बिघडवलीत, सर," म्हणाले. नंतर दोन घोट चहा पिऊन म्हणाले, "पण पोरीला घाटात घेऊन या."

दिवाळीत आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. लेक चालवत होती, मी मागे, आईसाठी कापलेल्या सीटवर. वळणावर गिअर बदलायची वेळ आली की माझा उजवा पाय आपोआप हलत होता. तिचा डावा पाय ते काम आधीच करून मोकळा झालेला असे.

घरी आल्यावर मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे तेल बदलले. चोपडीत बरीच पाने कोरी आहेत. आप्पांच्या शेवटच्या 'गाडी पुसली'खाली मी तारीख घातली आणि प्रमाण लेखनाच्या नियमांप्रमाणे लिहिले : 'गिअर डावीकडे घेतला. ऑइल बदलले.' नोव्हेंबर सरताना लेक एका शनिवार-रविवारी पुन्हा येऊन गेली. ती गेल्यावर चोपडी उघडून पाहिली. माझ्या ओळीखाली तिची ओळ होती, आणि तिची पिढी बोलते तसेच लिहीत असल्यामुळे, आप्पांचा तो अनुस्वार तिच्या अक्षरात आपल्या जागी परत आलेला होता : 'कासला जाऊन आले, ६२ किमी. चेनला ऑइल लावलं.'